मंगळम झाल्याशिवाय तंबुरी बंद नाही

अत्याचे, म्हणजे माझ्या आत्याचे, उरलेले सगळे दात सोमवारी काढायचे ठरले, आणि माझ्या मुलीचं लग्न होतं पुढच्या महिन्यात. आमच्या घरातल्या प्रत्येक नवरीला झोपाळ्यावर बसवून अत्यानं मराठी ऊंजल, म्हणजे झोपाळ्याचं गाणं, गायलेलं आहे. माझ्याही लग्नात तिनंच गायलं होतं. आता दातांशिवाय शब्द नीट उमटणार नाहीत, याची तिला दुखण्यापेक्षा जास्त काळजी. "आधी माझं गाणं त्या कॉम्प्युटरात भरून घे, मग काय उपटायचं ते उपटू दे," असा फोनवर हुकूम सोडून शनिवारी सकाळी ती पापनाशमहून शेवग्याच्या शेंगांची पिशवी घेऊन तंजावरला आमच्या दारात हजर.

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते आणि फावल्या वेळात लॅपटॉपवर संगीत जुळवते. माझ्याकडे एक सॉफ्टवेअर सिंथेसायझर आहे. हे प्लगइन हिशेब करून आवाज जन्माला घालतं, आणि त्यातून मी मोठ्या हौसेनं एक तंबुरी घडवली होती. तार छेडली की कितीतरी वेळ घुमत राहायची. अत्यानं ऐकून मान डोलावली. माझी छाती फुगली.

मग तिनं श्रुती, म्हणजे गाण्याचा आधारसूर, शोधायला सुरुवात केली. पाच कट्टै, म्हणजे पांढरी पाच, जड वाटली, म्हणून थोडी खाली. ती फारच खाली झाली, म्हणून जरा वर. कॉफी प्यायल्यावर घसा मोकळा झाला, म्हणून आणखी वर. दर वेळी मी नवी तंबुरी लावून देत होते. शेवटी तिला हवी ती सापडली, तिनं डोळे मिटले, पहिली ओळ उचलली आणि स्पीकरमधून तडतड सुरू झाली.

"अय्यो, ह्यात फोडणी कोण घालूलेत?" अत्यानं डोळे उघडले.

मोहरी तडतडते तसाच आवाज होता, हे खरं. लॅपटॉपला हिशेब वेळेत झेपत नव्हता. मी बफर वाढवला, म्हणजे त्याला श्वास घ्यायला सवड दिली. तडतड कमी झाली, पण थांबली नाही. वायफाय बंद केलं. नको ते सगळे प्रोग्राम बंद केले. चार्जर लावला, घुमारा कमी केला, लॅपटॉपच्या पंख्यातली धूळ फुंकली आणि दोनदा शिंकले. प्लगइन काढून पुन्हा बसवलं. लॅपटॉपवरचा ताण दाखवणारी पडद्यावरची लाल पट्टी जागची हलेना. मी चिडले की माझे कान गरम होतात. ते आता चांगलेच तापले होते.

"मेल्यानं आजच मान टाकावी का?" मी टेबलावर थाप मारली.

अत्या शांतपणे शेंगा सोलत बसली होती. दुपारच्या बसनं तिला परत जायचं होतं आणि उद्या घरी पाहुणे होते. आज जमलं नाही, तर तिच्या दातांतला आवाज कायमचा गेला असता. हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

मग तिनं सहज विचारलं, "ते पहिल्या तंबुऱ्या कोठ गेल्या? मधेच बंद केलीस की काय?"

"छे! बंद कशा करीन?" मी दुखावून म्हणाले. "सगळ्या चालू आहेत. नुसता आवाज शून्यावर आणलाय."

आणि माझं वाक्य माझ्याच कानावर पडलं.

आमच्या घरात एकदा लावलेली श्रुती मंगळम म्हटल्याशिवाय बंद करत नाहीत. मंगळम म्हणजे गाणं आटोपतं घेतानाचं शेवटचं पद. कुणी जेवायला उठलं तरी श्रुतीपेटी बारीक आवाजात चालू राहते. तेच मी लॅपटॉपवर केलं होतं, काही विचार न करता, हातानं आपोआप. पण लॅपटॉपला शून्य आवाजाचं काय कौतुक! ऐकू येवो न येवो, तो बिचारा सगळ्या तंबुऱ्यांच्या सगळ्या घुमणाऱ्या तारा इमानेइतबारे मोजत बसला होता.

मी हसत सुटले. हसता हसता अत्याला सांगितलं आणि बंद करायला हात पुढे केला, तर तिनं मनगट धरलं. "मंगळम नाही म्हणता?"

"अत्या, ह्या खऱ्या नाहीत."

"वाजूलेत ना? मग खऱ्याच."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी एकेका तंबुरीचा आवाज वर आणला, अत्या त्याच तंबुरीच्या श्रुतीत दोन ओळी मंगळम गायली, मी ती बंद केली. प्रत्येक निरोपासरशी लाल पट्टी खाली उतरत गेली. शेवटची एकच उरली तेव्हा पट्टी हिरवी झाली होती आणि अत्याचा गळा असा तापला होता, की तिनं अख्खं ऊंजल एका दमात गायलं. एक मोहरी तडतडली नाही. मला इतका आनंद झाला, की मी तिचे गालगुच्चे घेतले.

शेवटची तंबुरी बंद करू लागले तर ती म्हणाली, "ही राहू दे. हिचं मंगळम लग्नात."

मी ती फाइल तशीच, शेवट न करता ठेवली.

लग्नात लेक झोपाळ्यावर बसली. लॅपटॉपवरून अत्याचा दात शाबूत असतानाचा आवाज मांडवभर पसरला. गाणं संपलं, तंबुरी चालूच राहिली. पहिल्या रांगेतली अत्या उठली. इतका वेळ तिनं तोंडावर पदर धरला होता, तो सोडला आणि बोळक्या तोंडानं मंगळम गायलं. 'मंगळम' ह्या शब्दाला दात लागतच नाहीत, हे मला तेव्हा कळलं. मी हसत होते, रडत होते, आणि तिनं मान हलवेपर्यंत माझं बोट बटणावर थांबून होतं.