झेंडे उतरल्यावर

ऑस्ट्रेलियातल्या मुलाराच्या किनाऱ्यावर झेंडे पाच वाजता उतरतात. अर्धे लाल, अर्धे पिवळे असे दोन झेंडे वाळूत रोवलेले असतात आणि त्यांच्या मधल्या पाण्यातच पोहायचं असतं, कारण तेवढ्या पाण्यावरच आमच्या जीवरक्षक क्लबच्या गस्तीची नजर असते. उन्हाळ्यात आठपर्यंत सूर्य मावळत नाही. माणसं पाण्यातून निघायला तयार नसतात. पण गस्त पाचला संपते, झेंडे गुंडाळून शेडमध्ये जातात आणि गस्तीवरची मंडळी वरच्या मजल्यावरच्या बारमध्ये बिअर प्यायला जातात. गस्त फुकट घालायची आणि नंतरची बिअर मात्र चुकवायची नाही, असा इथला रिवाज आहे.

ग्लेनिस ट्रँटर वर जात नसे. घडीची खुर्ची उघडून ती झेंडे होते त्याच जागी बसायची. थर्मासमधला चहा झाकणात ओतून घ्यायची आणि पाण्याकडे बघत राहायची. शेवटचा माणूस बाहेर येऊन टॉवेल झटकू लागला की मगच उठायची. दहा-अकरा वर्षं मी हे क्लबच्या गच्चीवरून पाहिलं. मी तिथला सेक्रेटरी. मुलं लहानपणी रविवारच्या पोहण्याच्या वर्गाला यायची म्हणून मी आलो आणि कागदपत्रं नीट लावतो म्हणून अडकलो. सबनीस हे आडनाव तिथे कोणाच्या जिभेवर बसलं नाही. मी सगळ्यांचा सॅबो झालो.

ग्लेनिस क्लबात आली ती डेसची बायको म्हणून. डेस ट्रँटर गवंडी होता आणि क्लबच्या वल्ह्यांच्या होडीचं सुकाणू धरायचा. त्या काळी बायकांना गस्तीवर घेत नसत. त्यांनी खालच्या स्वयंपाकघरात सँडविच करायचे, चहाचे पेले धुवायचे आणि होडी शर्यत जिंकून आली तर टाळ्या वाजवायच्या. ऐंशी साली बायकांना सभासद करून घ्यायचं ठरलं तेव्हा आमच्या क्लबात सभा झाली आणि डेसने विरोधात हात वर केला. ग्लेनिस मागे पेले पुशीत उभी होती. पुढचा सगळा आठवडा डेसला घरी तेच सँडविच मिळाले, जे ती क्लबात करायची, तिन्ही त्रिकाळ. हे तो स्वतःच पुढे बारमध्ये हसून सांगायचा. तिला पाण्यातली सुटका शिकवली ती शेवटी त्यानेच, कारण दुसऱ्या कोणाकडून शिकून आली असती तर त्याला आणखी लागलं असतं. आमच्या किनाऱ्यावर जीवरक्षकाच्या ब्राँझ पदकाची परीक्षा देणारी ती पहिली बाई. डेस गेला तेव्हा त्याच्याच होडीतून लाटांपलीकडे जाऊन तिने राख सोडली. वल्हेकऱ्यांनी वल्ही उभी धरली होती. ती परत आली, ओल्या कपड्यांनी तशीच स्वयंपाकघरात गेली आणि आलेल्यांसाठी चहा टाकला.

पुढे ती रविवारच्या गस्तीची प्रमुख झाली. कडक होती. झेंड्यांबाहेर कोणी गेलं की शिट्टी वाजवून, दोन्ही हात हलवून आत बोलवायची. ऐकलं नाही तर स्वतः पाण्यात उतरायची.

दहा-अकरा वर्षांपूर्वीच्या एका जानेवारीत फार उकडत होतं. सिडनीहून काही नेपाळी मुलं आली होती, सगळी एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करणारी. ती दिवसभर झेंड्यांच्या आत खेळली. दोनदा बाहेर सरकली, दोनदा ग्लेनिसने शिट्टी मारून आत घेतली. पाच वाजता तिने नेहमीप्रमाणे झेंडे उतरवले आणि ती वर आली. दक्षिणेकडे एका पट्ट्यात लाटा फुटत नव्हत्या, पाणी अगदी शांत दिसत होतं. नवख्या माणसाला तीच जागा सगळ्यात बरी वाटते. खरं तर लाटांनी आणलेलं पाणी तिथूनच समुद्रात परत जात असतं आणि माणसालाही ओढून नेतं. ग्लेनिसने गच्चीवरून पाहिलं आणि ती जिना उतरून धावत गेली. प्रेम घिमिरेला तिनेच बाहेर आणलं. श्वास परत आला नाही.

मला हिंदी येतं म्हणून पोलिसांनी मला खाली बोलावलं. प्रेमचा धाकटा भाऊ टॉवेल गुंडाळून वाळूत बसला होता. दिवसभर आत राहिलात, मग तिकडे का गेलात, असं पोलिसाने विचारलं. तो म्हणाला, "दिवसभर शिट्टी मारून आत बोलवत होते. मग झेंडे काढले. आम्हाला वाटलं, बंदी उठली. आता सगळं पाणी मोकळं आहे."

मी ते वाक्य पोलिसाला इंग्रजीत सांगितलं. ग्लेनिस मागेच उभी होती.

आमच्या बारमध्ये भिंतीवर एक जुनी पाटी आहे. क्लब सुरू झाल्यापासून गस्तीच्या वेळेत, झेंड्यांच्या आत, एकही जीव गेलेला नाही, असं तिच्यावर रंगवलेलं आहे. पुढच्या सभेत ग्लेनिसने ती पाटी काढा असं सांगितलं. आमचा अध्यक्ष बॅरी कॉर्कोरन भला माणूस आहे, पण क्लबवर कोणी बोट ठेवलं की त्याला आपल्या घरावर ठेवल्यासारखं वाटतं. तो म्हणाला, "ग्लेन, पाटीवरचं अक्षर न् अक्षर खरं आहे."

"खरं आहे, म्हणूनच काढा म्हणते," ती म्हणाली.

पाटी निघाली नाही. ग्लेनिसने वाद घातला नाही. पुढच्या रविवारी झेंडे उतरवण्याआधी ती पाण्याच्या काठाकाठाने चालत गेली आणि प्रत्येक घोळक्यापाशी थांबून आम्ही आता निघतोय, शांत दिसणाऱ्या पाण्यात जाऊ नका, असं सांगत सुटली. मग खुर्ची घेऊन येऊन बसली. तेव्हापासून बसतच राहिली.

वेळ वाढवण्याचा विचार आम्ही केला नाही असं नाही. गस्त सात वाजेपर्यंत न्यायची म्हणून दोनदा ठराव आला, पण नावंच मिळाली नाहीत. पूर्वी अख्खा रविवार क्लबात काढणारे पुरुष असत, कारण त्यांच्या बायका घर सांभाळत. आता नवराबायको दोघं कामाला, रविवारी कोणाची कामाची पाळी, कोणाला मुलं वेगळ्या राहणाऱ्या बापाकडे सोडायची. गस्तीवर आज निम्म्या बायका आहेत, एक शीख डॉक्टर आहे, टोंगाहून आलेले दोघे भाऊ आहेत. क्लब पूर्वीपेक्षा चांगला झालाय असंच मी म्हणेन. फक्त माणसांकडे वेळ उरलेला नाही.

ग्लेनिस बसायला लागली तेव्हा विम्याच्या लोकांनी हरकत घेतली. गस्त संपल्यावर क्लबचा गणवेश घालून कोणी किनाऱ्यावर दिसलं तर जबाबदारी क्लबवर येते. हे तिला सांगायचं काम माझ्यावर आलं. तिने माझं सगळं ऐकून घेतलं, लाल-पिवळी टोपी काढून पिशवीत घातली आणि विचारलं, "आता मी चहा पिणारी एक म्हातारी आहे. सॅबो, म्हाताऱ्यांबद्दल विमावाले काही म्हणतात का?"

नाही, असं मी म्हटलं. तसं बसून तिने तीन-चार जणांना बाहेर काढलं असेल. बारमध्ये कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ओला झालेला स्वेटर गाडीच्या खिडकीला वाळत घातलेला दिसला की आम्ही समजायचो.

गस्तीवर राहायचं तर दर वर्षी मोसमाच्या सुरुवातीला परीक्षा द्यावी लागते. वाळूत पळायचं, पोहायचं, पुन्हा पळायचं, आणि ठरलेल्या वेळात परत यायचं. सत्तरी ओलांडल्यावर ग्लेनिसचा उजवा खांदा दुखायला लागला. आदल्या वर्षी ती जेमतेम वेळेत आली होती. या वर्षी काय होणार ते सगळ्यांना दिसत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. आपण नापास झालो तर पाचनंतर काठावर कोण बसणार, एवढी एकच काळजी तिला होती. मला ती म्हणाली होती की पाण्यात उतरता येत नसताना तिथे बसणं म्हणजे लोकांना फसवणं. कोणीतरी आहे असं त्यांना वाटणार आणि कोणी नसणार.

परीक्षेच्या रविवारी घड्याळ डार्सी मलोनकडे होतं. डार्सी आता गस्तीचा प्रमुख. छपरं घालण्याचं काम करतो, दांडगा आहे. सहा वर्षांचा असताना त्याला लाटेखालून डुबकी मारायला ग्लेनिसने शिकवलं होतं. ती पाण्यातून बाहेर आली तेव्हा बाकीचे केव्हाच टॉवेल गुंडाळून उभे होते. उजवा हात शरीराला धरून ती पळत होती. पळणं कसलं, वाळूतून पाय ओढत होती. ती रेषेवर पोचली. डार्सीने घड्याळाकडे पाहिलं, मग समुद्राकडे.

"हे घड्याळ मधेच बंद पडलं बहुतेक," तो म्हणाला. "बॅटरी गेली असेल. ग्लेन, तू पास."

ती वाकून गुडघ्यांवर हात टेकून उभी होती. दम लागलेला होता तरी तिने मान वर केली.

"कोणी बुडत असेल आणि मला पोचायला उशीर झाला, तर त्यालाही हेच सांगशील का, घड्याळ बंद पडलं होतं म्हणून?"

डार्सीने पुन्हा घड्याळाकडे पाहिलं.

"आहे ते लिही."

त्याने लिहिलं. तिने गळ्यातली शिट्टी आणि डोक्यावरची टोपी काढून त्याच्या हातात दिली. ती दिवसभर घरी गेली नाही. स्वयंपाकघरात जाऊन तिने पोरांसाठी पावात सॉसेज घालून दिले, कांदा भाजला. तिला तिथे पाहून मला कसंतरीच झालं, कारण तिथूनच ती निघाली होती.

पाच वाजता झेंडे उतरले. डार्सी काठाने चालत सगळ्यांना सांगून आला. हे आता आमच्याकडे सगळेच गस्तप्रमुख करतात. मंडळी वर आली, बाटल्या उघडल्या. मी खाली बाहेर राहिलेल्या, बुडणाऱ्याला आणायच्या फळ्या शेडमध्ये घेत होतो. ग्लेनिस अंगात जाड कार्डिगन घालून तिच्या जागी येऊन उभी राहिली. खुर्ची नव्हती, थर्मास नव्हता. पाण्यात अजून बरीच माणसं होती.

थोड्या वेळाने डार्सी खाली आला. गणवेश बदललेला, जुनी चड्डी, आणि काखेत स्वतःच्या गाडीतला लाटांवरचा बोर्ड. तिच्यापासून हातभर अंतरावर तो वाळूत बसला.

"वर बिअर गरम होतेय तुझी," ती म्हणाली.

"टोंगावाल्यांनी प्यायली असेल एव्हाना. तू घरी जा, ग्लेन."

"आज तू आहेस. पुढच्या रविवारी?"

"पुढच्या रविवारी मी नाही. पोरीचा वाढदिवस आहे."

"मग कोण?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणतोस आणि मला घरी जा सांगतोस."

डार्सीने मूठभर वाळू घेतली आणि सोडली. त्याला बोलायची सवय कमीच. "खरं सांगू का, राग मानू नकोस. तू इथे बसतेस म्हणून आम्ही वर जातो. इतकी वर्षं. गच्चीवरून बघतो, ग्लेन बसलीये, म्हणजे झालं. तुझी खुर्ची दिसली की आमच्यापैकी एकालाही खाली यावंसं वाटत नाही. तू उठल्याशिवाय दुसरा कोणी बसायचा नाही."

फळी हातात धरून मी उभा होतो. मला वाटलं, ती त्याला चांगलं सुनावेल. तिने दक्षिणेकडच्या शांत पाण्याकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. मग तिने कार्डिगनची बटणं लावली, एका हाताने, कारण दुसरा वर जात नव्हता.

"त्या निळ्या टोपीवाल्याकडे लक्ष ठेव. तो सारखा बाजूला सरकतोय."

"बघितलंय मी."

ती वळली आणि गाडीकडे चालू लागली. माणसं पाण्यात असताना ग्लेनिस ट्रँटर किनाऱ्यावरून निघालेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

पुढच्या रविवारी ती आलीच नाही. डार्सीही नव्हता. पाच वाजता झेंडे उतरले आणि मंडळी वर आली, पण बाटल्या घेऊन कोणी आत बसलं नाही. सगळे गच्चीच्या कठड्याशी उभे होते आणि त्या मोकळ्या जागेकडे बघत होते. एकजण म्हणाला, आज वारा पडलाय. दुसरा हो म्हणाला. शीख डॉक्टरीणबाईंची रात्रपाळी होती, त्या किल्ल्या हातात घेऊन घुटमळत होत्या. मग बॅरीने आपली बाटली कठड्यावर ठेवली, काही न बोलता जिना उतरला आणि वाळूत जाऊन बसला. खुर्चीही नेली नाही.

थोड्याच वेळात माझा फोन वाजला. ग्लेनिस होती. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"कोण बसलंय?"

"बॅरी."

मग म्हणाली, "बॅरीला पोहता येतं अजून?"

"यंदा पास झालाय. तुझ्यानंतरच्या तुकडीत पळाला होता."

"हं. पाण्यात कोण आहे?"

"दोन मुली. बाकी सगळे निघाले."

"कुठे आहेत? झेंड्यांच्या जागी?"

"तिथेच. कमरेएवढ्या पाण्यात."

पाटी माझ्या पाठीमागे भिंतीवर होती, अजूनही आहे. बॅरी गुडघ्यांना हातांची मिठी घालून पाण्याकडे बघत बसला होता. कठड्यावरच्या बाटलीला घाम फुटला होता. मी फोन कानाला लावून उभा राहिलो, तिच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मुली बाहेर आल्या, त्यांनी केस पिळले, टॉवेल घेतले.

"आल्या बाहेर," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली आणि मगच तिने फोन ठेवला.