वाढत्या अंगाचा बुनाड

शिवण करून घरी आलं की कपड्यांना धाग्यांचे तुकडे चिकटलेले असतात. झटकले तरी जात नाहीत, दोन दिवसांनी मोज्यात सापडतात. किश्शांचंही तसंच! दर गुरुवारी इथल्या, ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या आमच्या शिवण-ग्रुपमधून मी परत येते आणि निखिल, म्हणजे माझा नवरा, विचारतो, "आज काय चिकटलं?" मी मुळात कमी बोलणारी. लग्नाला जेमतेम आठ महिने झालेत, म्हणून तो अजून कौतुकाने ऐकतो. त्याचं कौतुक आटायच्या आत लिहून काढलेलं बरं.

* * *

ग्रुप एका कम्युनिटी हॉलमध्ये भरतो. प्रमुख मॉरीन. वय सत्तरीपुढे, आवाज स्टेशनवरच्या अनाउन्समेंटसारखा. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "शिवता येतं का, लव्ह?"

मी म्हटलं, "थोडंसं."

आता आपल्याकडे 'थोडंसं' म्हणजे किती, हे आपल्याला कळतं. माझ्या आईचं साताऱ्यात ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दहावीच्या सुट्टीत मी गिऱ्हाइकांचे कटोरी ब्लाउज शिवत होते. पण हे स्वतःच्या तोंडाने कसं सांगायचं? मॉरीनने माझं 'थोडंसं' जसंच्या तसं घेतलं आणि तीन आठवडे मला बटणं लावायला दिली!

चौथ्या गुरुवारी मी माझाच एक ब्लाउज सैल करायला नेला. (लग्न मानवलं होतं.) मॉरीनने तो उचलला, उलटा केला, आतल्या शिवणी पाहिल्या. चष्मा पुसला, पुन्हा पाहिल्या.

"हा कोणी शिवला?"

"मी."

अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशी ती ओरडली, "थोडंसं म्हणे!"

* * *

ग्रुपमधली सगळ्यांत मोठी इन्ग्रिड. वय चौऱ्याऐंशी, जन्म नॉर्वेचा. इथे सगळे तिला नुसतं इन्ग्रिड म्हणतात. माझी जीभ काही वळेना. आजीच्या वयाच्या बाईला नावाने हाक? दोन महिने मी तिला काहीच म्हटलं नाही. काही सांगायचं असलं की समोर जाऊन उभी राहायचे आणि खोकायचे.

एका गुरुवारी तिने माझ्यासमोर खोकल्याच्या गोळ्यांचं पाकीट ठेवलं. "हा खोकला जुना दिसतोय. डॉक्टरला दाखवलास का?"

* * *

मार्चमध्ये इन्ग्रिडने एक खोका आणला. आत पातळ कागदात गुंडाळलेला बुनाड होता. बुनाड म्हणजे नॉर्वेचा पारंपरिक पोशाख. काळा लोकरी घेरदार स्कर्ट, भरतकाम केलेली लाल चोळी, चांदीचा ब्रोच. इन्ग्रिडच्या आईने तो तिच्यासाठी हाताने शिवला होता. बोटीतून तिच्याबरोबर इथे आला. पुढे तिच्या मुलीने घातला, मग नातीने.

"आता फ्रेया घालणार," इन्ग्रिड म्हणाली. फ्रेया तिची पणती. सतरा मेला नॉर्वेचा राष्ट्रीय दिवस असतो, त्या दिवशी सिडनीच्या पार्कात हे लोक जमतात आणि मिरवणूक काढतात. पण बुनाड पंधरा वर्षांच्या मुलीच्या मापाचा आणि फ्रेया आठ वर्षांची, काडीसारखी! दोन टेलरांनी सांगितलं होतं, कापावा लागेल.

"कात्री लावायची नाही. तिची धाकटी बहीण रांगतेय, उद्या तिलाही घालायचाय. माझी बोटं आता सुई धरत नाहीत, नाहीतर तुम्हाला विचारलं नसतं." मग जरा थांबून म्हणाली, "मला याच वर्षी बघायचंय. पुढच्या वर्षीचं बुकिंग मी करत नाही. आणि तिथे हेल्गा असणार."

हेल्गा म्हणजे त्यांच्यातली 'बुनाड पोलीस'. बटण चुकलं, धाग्याचा रंग चुकला, की ही बाई भर मिरवणुकीत सांगते. इन्ग्रिडचं आणि तिचं चाळीस वर्षांचं प्रेमळ वैर!

तेवढ्यात एक आवाज आला, "वाढत्या अंगाचा करू या की!"

तो माझा होता. तोही मराठीत.

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मग मी इंग्रजीत सांगितलं, की आमच्याकडे मुलांचे कपडे वाढत्या अंगाचेच शिवतात. जास्तीचं कापड कापत नाहीत, आत दुमडतात. मूल वाढलं की एकेक दुमड उसवायची. माझा पाचवीचा युनिफॉर्म मी आठवीपर्यंत घातला होता.

"चार वर्षं?" मॉरीन म्हणाली.

"हो. त्यातली तीन वर्षं तो मला मोठाच होत होता."

* * *

दुमडी कुठे घ्यायच्या, हे ठरवायला आईला व्हिडिओ कॉल लावला. तिने साताऱ्यात चष्मा चढवला. "कॅमेरा खाली घे. अजून खाली. हां! अगं, आत केवढी माया सोडलीय बघ शिवणीत! शिवणाऱ्या बाईला अक्कल होती." (माया म्हणजे शिवणीत आत राखलेलं जादा कापड.)

मी इन्ग्रिडला सांगितलं, "आई तुमच्या आईचं कौतुक करतेय."

इन्ग्रिडने फोनकडे बघून मान झुकवली. आईनेही झुकवली. मग आईने अर्धा तास मला झापलं. टाका मोठा घेतेस, सुई जाड आहे, बाहेरून दिसेल, आणि नखं कापली नाहीस का? इन्ग्रिडला यातला एक शब्द कळत नव्हता, पण ती रंगून ऐकत होती. कॉल संपल्यावर म्हणाली, "बाई खडूस आहे. पोशाख सुरक्षित आहे."

* * *

फ्रेया पहिल्या फिटिंगला आली. बुनाड घातला आणि अंग आक्रसून उभी राहिली. "नॅन, इट्स सो इची! आय लुक लाइक अ लॅम्पशेड!"

"आम्हा सगळ्यांनाच टोचला," इन्ग्रिड म्हणाली.

"देन व्हाय डिड यू वेअर इट?"

एवढ्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं बहुधा. इन्ग्रिड खुर्चीत बसून खोक्यातल्या पातळ कागदाच्या घड्या घालत राहिली. फ्रेया हट्टाने बुनाड काढून बाहेर पळाली होती. मेहनत राहू दे, चौऱ्याऐंशीव्या वर्षी बघायचं ठरवलेलं स्वप्न त्या लोकरीत अडकलं होतं.

घरी आईची एक जुनी सुती साडी होती, धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली. गोधडीसाठी म्हणून आईने बॅगेत कोंबली होती. मी तिचं अस्तर केलं आणि हाताने, कच्च्या टाक्यांनी चोळीपासून स्कर्टच्या काठापर्यंत आतून लावलं. उद्या काढायचं म्हटलं तर दहा मिनिटांत निघेल.

पुढच्या गुरुवारी फ्रेयाने नाक मुरडत हात आत घातला. थांबली. दुसरा घातला. मग गोल फिरली. स्कर्टचा घेर फुलला आणि बाजूच्या टेबलावरचे टाचण्यांचे दोन डबे खाली!

"नो वरीज!" मॉरीन गरजली. "फिर अजून!"

* * *

एक कबुली मात्र राहिली होती. अस्तराचे तुकडे मशीनवर जोडायच्या आधी मी घरी मशीनला हळदकुंकू वाहिलं होतं. दुसऱ्याचा एवढा जुना ठेवा, देवाचं नाव घेतल्याशिवाय कसा हातात घ्यायचा? पण बोट ओलं राहिलं आणि अस्तराच्या काठाशी, आतल्या बाजूला, कुंकवाचा ठिपका उमटला. धुतला, घासला, जाईना.

मी इन्ग्रिडसमोर जाऊन उभी राहिले. या वेळी खोकले नाही. सगळं सांगितलं, डोळ्यांत पाणी आणून.

तिने ठिपका जवळून पाहिला. "म्हणजे पोशाखासाठी प्रार्थना केलीस?"

"हो."

"माझ्या आईने केली होती की नाही, मला माहीत नाही. राहू दे तो."

* * *

सतरा मेला आम्ही सगळ्या ट्रेनने सिडनीला गेलो. मॉरीनने वाटेत तीन अनोळखी माणसांना फ्रेया दाखवली. पार्कात बँड वाजत होता, झेंडे होते, हॉटडॉग होते. फ्रेया मिरवणुकीत सगळ्यांत पुढे! मध्येच तिने गवतावर एक कोलांटउडी मारली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती उभी होती आणि माझा एकही टाका सुटला नव्हता. इन्ग्रिड टाळ्या वाजवत होती, त्या सुई न धरणाऱ्या बोटांनी.

आणि मग हेल्गा आली.

तिने ब्रोच पाहिला. बटणं मोजली. चोळीची लांबी बोटाने मापली. काहीच सापडेना, तेव्हा वाकून तिने स्कर्टचा काठ उलटा केला.

"हे अस्तर मूळचं नाही."

"नाही. हातमागाचं आहे, फार दुर्मिळ," इन्ग्रिड म्हणाली. "तुला बघायलाही मिळणार नाही."

"आणि हा लाल ठिपका?"

इन्ग्रिडची पापणी हलली नाही.

"कारागिराची खूण. तुझ्या बुनाडावर नाही?"

हेल्गाने काठ खाली सोडला. एकही चूक न काढता निघून गेली. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच, असं इन्ग्रिड परतीच्या ट्रेनमध्ये चार वेळा म्हणाली.

पुढच्या गुरुवारी हॉलचं दार उघडलं. दारात हेल्गा, काखेत मोठा खोका. ती थेट माझ्या टेबलापाशी आली, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "माझ्या बुनाडावर ती लाल खूण करून मिळेल का?"

मी तोंड उघडायच्या आत पलीकडून, चहाच्या कपातून मान वर न काढता, इन्ग्रिड म्हणाली, "वेटिंग लिस्ट आहे!"