गरमचा ग, गारचा ग

दिनांक १० जानेवारी १९७१, रविवार, सकाळी सहा वाजता माझी खात्री पटली की, स्वतःच्या घरावर आमच्या साडूंइतका खूश असलेला मनुष्य साऱ्या नगर जिल्ह्यात दुसरा नाही. थंडीने माझे दात वाजत होते. मी त्यांच्या नव्या घरातील न्हाणीघराच्या दाराशी पंचा नेसून उभा होतो आणि साडू मला गरम पाण्याची यंत्रणा समजावून देत होते. आंघोळ त्यानंतर मिळणार होती.

साडू म्हणजे माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे यजमान. एका सरकारी कचेरीत कारकून. कोणतीही वस्तू वापरण्यापूर्वी ती समजून घ्यावी, आणि समजली की समोरच्याला समजावल्याखेरीज त्याला ती वापरू देऊ नये, हा त्यांचा बाणा होता. नवी छत्री घेतली तेव्हा भर पावसात, ती उघडण्याआधी, त्यांनी तिच्या काड्यांची रचना सांगायला घेतली. छत्री उघडली तेव्हा आम्ही चौघे चिंब झालो होतो. स्टोव्ह आणला तेव्हा पाहुण्यांना चहाऐवजी ज्योत दाखवली. सावेडीकडे घर बांधायला काढले, तेव्हा भिंतींच्या आधी त्यांच्या डोक्यात नळ उभे राहिले. परसात विटांची भट्टी, भट्टीत तांब्याच्या नळीचे वेटोळे, माळ्यावर पत्र्याचे पिंप, आणि पिंपातून न्हाणीघरात उतरलेला नळ. भट्टी पेटली की पाणी आपोआप पिंपात चढते, असे त्यांचे म्हणणे.

"गरम पाणी हलकं, ते वर जातं. गार जड, ते खाली येतं. पोरगी सासरी जाती अन् सून घरात येती, तसं. लई सोपं आहे, साडूभाऊ. समजलं?"

"समजले."

"काय समजलं, सांगा बरं."

मला ते पंच्यावर उभे राहून सांगावे लागले. दुःख समजण्याचेच होते. यंत्रणा खोटी असती तर मी सुखाने नावे ठेवली असती. पण मी तोटी फिरवली आणि वाफाळलेले पाणी आले. त्या पाण्याने मी अंग धुतले. मन धुतले गेले नाही.

याचे कारण सांगितले पाहिजे. मी सोनईला शिक्षक होतो आणि माझ्या घरी तांब्याचा बंब होता. तो मी स्वतः पेटवीत असे; त्यात तुरकाठ्या किती, बाभळीच्या ढलप्या किती, हे दुसऱ्या कोणालाही मी ठरवू दिले नाही. आमच्या सासूबाईंना आम्ही दोघे जावई मामी म्हणत असू. एरवी त्या गावी मुलाकडे असत, पण त्यांचे सांधे धरत, म्हणून हिवाळा माझ्याकडे काढीत. रोज सकाळी मी घंगाळ भरून हाक मारी, "मामी, पाणी काढलंय." दिवसभरात आमचे एवढेच बोलणे होई. मला ते पुरत असे. "धाकल्या जावयाच्या घरचं पानी लई कडक," असे मामी गावभर सांगत. कोणी माझी उघड स्तुती केल्याचे मला दुसरे उदाहरण आठवत नाही.

आदल्या दिवशी साडूंच्या घराची वास्तुशांत झाली होती. मामी तिथून आमच्याबरोबर सोनईला यायच्या होत्या, पण साडूंनी सर्वांसमोर म्हटले, "मामी, आधी नळाचं पाणी बघा, मग ठरवा." मामींचे गाठोडे ओसरीवर होते तसेच बांधलेले होते. मी रात्रभर त्या गाठोड्याचा विचार केला, हे लिहायला मला आवडत नाही.

माझ्यानंतर मामींची पाळी आली. साडूंनी दोन्ही तोट्यांवर पितळेच्या चकत्या बसवल्या होत्या आणि भांड्यांवर नावे घालणाऱ्याकडून त्यांवर अक्षरे कोरून घेतली होती. एकीवर ग होता. दुसरीवरही ग होता.

"एक गरमचा, एक गारचा," साडू म्हणाले. "डावीकडचा ग गरमचा. सोपं आहे. अन् मामी, बादली नको, पाठीवरच धार घ्या, शेक बसंल."

मामी आत गेल्या. जन्मभर त्यांनी पूर्वेकडे तोंड करून आंघोळ केली होती आणि नळ पश्चिमेच्या भिंतीला होते. त्या नळांकडे पाठ करून बसल्या आणि त्यांनी डावा हात मागे नेला.

"अगं आई गं! गारठून मेले! आवो थोरलं जावई, ह्यो कंचा ग हाय?"

"डाव्या हाताचा सोडा, मामी!"

"डाव्याच हाताचा सोडलाय की!"

"तुमचा डावा नव्हं! नळाचा डावा!"

"नळाला हात असत्यात व्हय?"

मला समाधान वाटले. ते मी चेहऱ्यावर येऊ दिले नाही. मी ओसरीवर जाऊन गाठोड्याशेजारी उभा राहिलो आणि एसटीची वेळ मनाशी जुळवली.

मात्र साडूंनी पुढे जे केले, ते मी अपेक्षिले नव्हते. ते एक अक्षरही न समजावता परसात धावले, वेटोळे, पिंप सारे सोडून त्यांनी भट्टीच्या तोंडावर सरळ पातेले चढवले, पाणी तापताच ते दोन्ही हातांनी धरून न्हाणीघराच्या दारात ठेवले आणि धापा टाकत हाक मारली, "मामी, पाणी काढलंय."

ते शब्द माझे होते.

मामी आंघोळ करून बाहेर आल्या त्या हसतच. थोरल्या मुलीला म्हणाल्या, "गाठुडं सोड. औंदा हितंच ऱ्हाते. धाकल्याला काय सांगाया लागत न्हाई. ह्याला समदं शिकवाया पायजे." मग माझ्याकडे वळल्या. "राग न्हाई ना, जावईबापू?"

"नाही," मी म्हणालो.

जेवणानंतर पत्नी बहिणीचा निरोप घेत होती. साडू मला अंगणात एकीकडे घेऊन गेले. मला वाटले, आता वेटोळे पुन्हा ऐकावे लागणार. ते खाली बघत म्हणाले, "इतके हिवाळे त्या तुमच्याकडंच राहिल्या, साडूभाऊ. म्हटलं, नळ असला तर येतील." एवढेच. कारण नाही, तत्त्व नाही. साडूंच्या तोंडून मी ऐकलेले ते सर्वांत लहान स्पष्टीकरण.

"मामींचे पाणी हाताने बघू नका," मी म्हणालो. "कोपर बुडवून बघा. कोपराला सोसेल ते त्यांना चालते."

हे मी पत्नीलाही कधी सांगितले नव्हते. का, असे साडूंनी विचारले नाही.

मग मी देवघरातून वास्तुशांतीच्या लाल खणाची चिंधी मागून घेतली आणि न्हाणीघरात गेलो. मामी बसत तशी पूर्वेकडे तोंड करून पाटावर बसलो आणि हात मागे नेऊन पाहिला. गरमचा नळ उजव्या हाताला येत होता. त्या तोटीला मी चिंधी बांधली, आणि ओली होऊन सुटू नये म्हणून दुसरी गाठ मारली.