शेवग्यावरची हरकत

"अक्का, गैरसमज नको. पण हरकत नोंदवून ठेवलेली बरी."

दरवर्षी आमचा शेवगा शेंगांनी लगडला की शेजारचे प्रोफेसर कोट घालून फाटकाशी येत आणि एवढं बोलून माझ्या हातात चिठ्ठी देत. कोट कशाला म्हणाल, तर कागदोपत्री काम होतं ना! चिठ्ठीत असे, की आपल्या शेवग्याची एक फांदी भिंतीवरून माझ्या अंगणात येते. मी आजवर ती चालवून घेतली, म्हणून ती मला मान्य आहे असं धरू नये. खाली सही, तारीख. दुसऱ्या हातात त्याच फांदीच्या शेंगांची जुडी, दोऱ्याने नीट बांधलेली. "तुमचा माल तुम्हाला परत," म्हणायचे.

पहिल्या वर्षी मी भडकलेच. आमचे पूर्वज कधीच्या काळी बेंगळुरात आले. बसवनगुडीतल्या त्या भिंतीवरून कढीपत्ता, भांडणं, सगळं इकडचं तिकडे होत असे, पण असा कागद कुणी केला नव्हता. म्हटलं, "अय्यो, फांदी तोडून टाकू का?" तर हा माणूस घाबरलाच. "छे छे! तोडायची नाही. मी फक्त हरकत घेतली." तिथेच मी हात टेकले. त्या शेंगांचं सांबार केलं आणि वाडगाभर त्यांना नेऊन दिलं. ते मात्र त्यांनी बिनहरकत घेतलं.

मूळचे पुण्याचे. इथल्या लॉ कॉलेजात आंतरराष्ट्रीय कायदा शिकवायचे. दोन देश भांडले की कोणाचं बरोबर ते ठरवणारा कायदा, असं त्यांनी मला समजावलं होतं. मी विचारलं, "आणि ऐकलं नाही तर?" म्हणाले, "बहुतेक वेळा ऐकत नाहीतच," आणि स्वतःच हसत सुटले. दिल्लीहून तार आली की कागदांची बाडं घेऊन निघायचे. कधी जिनिव्हाला परिषद, कधी परदेशातल्या कोर्टात देशाची बाजू मांडायची, कधी दोन राज्यांचा नदीच्या पाण्याचा तंटा. घराच्या किल्ल्या माझ्याकडे. "लष्कराच्या भाकऱ्या किती दिवस भाजणार?" मी विचारायची. "कुणीतरी भाजायला हव्यात, अक्का."

परत यायचे ते रिकाम्या घरात. मुलगी लहान असतानाच बायको गेली होती, आणि ती एकुलती मुलगी शिकायला लंडनला. संध्याकाळी व्हरांड्यात बसून उद्याचं लेक्चर मोठ्याने म्हणायचे. भिंतीअलीकडे तांदूळ निवडता निवडता मला ते पाठ झालं होतं. "शेजारच्या देशाने तुमच्या बेटावर झेंडा लावला आणि तुम्ही वर्षानुवर्षं तोंड उघडलं नाही, तर बेट गेलं समजा! गप्प बसणं म्हणजे संमती." लेक्चर संपलं तरी बराच वेळ उठायचे नाहीत. तुमच्याही शेजारी असा एखादा असेल, बघा. ज्याचा आवाज थांबला की आपण भिंतीपलीकडे डोकावतो.

एका उन्हाळ्यात चिठ्ठी दिली, पण परत जाईनात. म्हटलं, "कॉफी घेता का स्वल्प?" बसले आणि आपणच सांगू लागले. दोन वर्षांपूर्वी मुलीचं पत्र आलं होतं: इथे कायमची नोकरी मिळते आहे. घेऊ, की परत येऊ? तुम्ही म्हणाल तसं.

"मग काय लिहिलंत?"

"त्याबद्दल काही नाही. इकडची खुशाली लिहिली."

"का?"

"ती सज्ञान आहे, अक्का. दुसऱ्याच्या कारभारात ढवळाढवळ करायची नाही, हा आमचा पहिला नियम." कपातली कॉफी निवून गेली होती. "तिने नोकरी घेतली. तिथेच लग्नही केलं. तिचं बरोबर आहे. मी गप्प बसलो, तिने संमती धरली. मीच शिकवतो ना हे."

मला राग आवरेना. "माझ्या शेवग्यावर दरवर्षी कागद करता, आणि पोटच्या पोरीला एक ओळ लिहायला होत नाही? डोंबलाची विद्वत्ता! आजच लिहा. लिहा, की मला तुझ्याशिवाय करमत नाही."

"सरी," म्हणाले. सरी म्हणजे बरं. कन्नडातला हा एकच शब्द त्यांना यायचा, आणि वाद संपवायचा असला की तो काढायचे. फाटकापाशी थांबून मात्र म्हणाले, "मला वाटायचं, ती आपणहून येईल."

त्याच वर्षी थंडीत न्यूमोनियाने आठ दिवसांत गेले. केवढे मोठमोठे विद्यार्थी आले, त्यांत दोघे न्यायाधीश झालेले. मुलगी पोचली तेराव्याला.

किल्ल्या द्यायला गेले तर ती फायलींच्या ढिगात बसलेली. कपाळ अगदी बापाचं. "अक्का, बाबांनी माझ्यासाठी काही लिहून ठेवलंय का ते बघते आहे." मीही शोधू लागले. करार निघाले, नद्यांचे नकाशे निघाले. तिच्या नावाचा कागद काही निघेना. मग मी घरी जाऊन डाळीच्या डब्यातल्या माझ्या चिठ्ठ्या आणल्या. म्हटलं, त्यांचं अक्षर तरी बघ.

पहिली वाचून ती खदखदून हसली. दुसरीलाही हसली. मग हसू थांबलं, पण वाचायचं थांबली नाही.

"बारा?"

"बारा."

"शेंगांसाठी बारा चिठ्ठ्या, अक्का. आणि मी विचारलं तेव्हा एक ओळ नाही."

तेव्हा मी बोलले. खरं तर मीच तिला आधी कार्ड टाकायला हवं होतं. "तू परत यावंस असं त्यांना वाटत होतं, बाळ. माझ्यासमोर बोलले. मी साक्षीला आहे."

ती बराच वेळ चिठ्ठ्या सारख्या करत राहिली. "नोकरीचा कागद मी महिनाभर सही न करता ठेवला होता. नुसतं ये म्हणाले असते तर पुढच्या बोटीने आले असते."

चिठ्ठ्या तिने मागितल्या. अकरा दिल्या, एक ठेवून घेतली.

आता तिथे नवं बिऱ्हाड आहे. माणसं चांगली आहेत. फांदीच्या शेंगा काढतात, खातात, कुणी काही म्हणत नाही. परवा ते सगळे गावाला गेले होते, व्हरांडा रिकामा होता. मी भिंतीपाशी जाऊन मोठ्याने म्हटलं, "प्रोफेसर, तुमच्या जाण्याला माझी हरकत आहे." आणि वेड्यासारखी उभी राहिले, तिकडून 'सरी' येतंय का ऐकत.