इसाक मास्तरांच्या एकतीस चाली

माझ्या दुकानाच्या काचेवर 'टायपिंग, झेरॉक्स, लग्नपत्रिका. सर्व कामे खात्रीशीर' असं लिहिलेलं होतं. त्यातला 'खात्रीशीर' मी गेल्या दिवाळीत ब्लेडनं खरवडून काढला. गिऱ्हाइकं विचारतात, उत्तरेश्वरराव, शब्द कुठं गेला? मी म्हणतो, उन्हानं उडाला. पाटोद्यात उन्हावर कसलाही आळ घेता येतो.

खरं कारण इसाक मास्तर. ते आता नाहीत, त्यामुळं ते काही बोलणार नाहीत. आणि होते तेव्हाही शेवटचे सहा महिने त्यांना बोलता येत नव्हतं. म्हणून माझ्या चुकीसकट सगळं मलाच सांगावं लागतंय.

आजची पोरं त्यांना स्टँडवरचे केळीवाले चाचा म्हणून ओळखत. माझ्या वयाच्या माणसांची लग्नं मात्र त्यांच्या क्लॅरिनेटवर लागलेली आहेत. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोळे मिटलेले आणि गाल फुगलेले, अशी त्यांची मूर्ती प्रत्येक घरच्या जुन्या अल्बमात कुठं ना कुठं सापडेल. त्यांचे अब्बा निजामाच्या काळात पोलीस बँडात होते म्हणे. तो बँड मोडल्यावर ते क्लॅरिनेट आणि डोक्यातल्या चाली घेऊन पाटोद्यात आले. हळदीची चाल वेगळी, नवरदेव मारुतीच्या पारावर निघतानाची वेगळी, वरातीची वेगळी, पाठवणीची वेगळी. सिनेमातलं एकही गाणं त्यात नव्हतं.

माणूस तापट. एकदा एका पुढाऱ्याच्या पुतण्याच्या वरातीत प्यालेल्या पोरांनी सिनेमाच्या गाण्यासाठी गोंधळ घातला. मास्तरांनी क्लॅरिनेटची रीड, जिच्यामुळं सूर निघतो ती पातळ पट्टी, काढून खिशात टाकली आणि नुसती नळी त्यांच्यापुढं धरली. "घ्या बे, आता तुमीच फुंका," म्हणाले. वरात अर्धा तास तिथंच उभी होती. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि मला हा माणूस लई आवडला होता.

पुढं डीजे आले. ऊसतोडीवरून माणसं परतली की आमच्याकडं लग्नांचा हंगाम लागतो. एका हंगामात मास्तरांच्या बँडाला बारा लग्नं होती, तिसऱ्या हंगामात एकही नाही. कोट पेटीत गेला आणि केळीचा गाडा आला. मास्तर केळी विकताना कुणाशी जास्त बोलत नसत. गालात तंबाखूची गोळी मात्र कायम असे, आणि तीच नडली.

तीन वर्षांपूर्वी, थंडीत, ते दुकानात आले. कापडात बांधलेल्या तीन वह्या टेबलावर ठेवल्या.

"उत्तरेश्वर, माझी जीभ कापनार हायत. त्याच्या आधी मला बोलून घ्यायचंय."

मला वाटलं मृत्युपत्र टाइप करायचं असेल. वह्या उघडल्या तर आत सगळं उर्दू. प्रत्येक पानाच्या डोक्यावर बिस्मिल्ला, खाली ओळीनं अक्षरं आणि त्यांच्या घरच्याच काही खुणा. अब्बांच्या चाली, एकतीस. मास्तरांच्या मुलाला, शहेबाजला, त्या वाचता येत नव्हत्या. शहेबाजचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज आहे, लग्नात तो कॅसिओ वाजवतो, पण शिकला मराठी शाळेत.

"त्याला मराठीत सारेगम वाचता येतं, मला लिहिता येत न्हाई," मास्तर म्हणाले. "मी म्हनतो, तू टाइप कर. ऑपरेशनला अजून दोन महिने हायत."

मला संगीतातलं काही कळत नाही, हे मी सांगितलं. ते म्हणाले, कळायची गरज न्हाई, खुणा तेवढ्या सोडू नको. मग त्यांनी खुणा समजावल्या. स्वराखाली आडवी रेघ असेल तर तो कोमल, म्हणजे जरा उतरलेला. मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ असेल तर तीव्र. टिंब खाली असेल तर खालच्या सप्तकातला, वर असेल तर वरच्या. "स्वर सगळ्यांचे सात. चाल ह्या रेघांत असती," ते म्हणाले.

शाळेतल्या संगीताच्या बाईंकडून मी एक जुना फॉन्ट पेन ड्राइव्हवर आणला. त्यात ह्या रेघा-टिंबं होती. अक्षरं माझ्या नेहमीच्या फॉन्टात आणि खुणा ह्या फॉन्टात, असं काम सुरू झालं. रोज दुपारी एक ते चार, दुकानात गिऱ्हाईक नसतं तेव्हा. मास्तर वही बघून हळू आवाजात गात आणि मी टाइप करत असे. तोंडात जखम. प्रत्येक ओळीनंतर प्लास्टिकच्या मग्यात थुंकत, त्यात रक्त असे. मग परत, "ग कोमल. नी कोमल, खाली टिंब."

मोबाईलवर रेकॉर्ड का केलं नाही, असं आता सगळे शहाणे मला विचारतात. मीही मास्तरांना विचारलं होतं. ते इतके चिडले की उठून निघालेच. "ह्या फाटक्या आवाजात माझ्या बापाची चाल ठेवू? कावून? लोकांनी हसावं म्हनून?" पुन्हा तो विषय मी काढला नाही. काढायला हवा होता. त्यांच्या नकळत खिशात मोबाईल चालू ठेवायला हवा होता, पण तेवढी अक्कल तेव्हा नव्हती.

चौदा चाली झाल्यावर त्यांनी छापून मागितल्या. मी थेट प्रिंटरवर काढून दिल्या. त्यांनी प्रत्येक रेघेवर नख टेकवून बघितलं आणि खूश होऊन मला अर्धा डझन केळी दिली. ती चौदा पानं शहेबाजकडं राहिली. उरलेल्या सतरा चालींची पानं छापायचं आम्ही शेवटावर ठेवलं.

एकतिसावी पाठवणीची. ती त्यांनी सर्वांत हळू, एकदाच म्हटली. ही चाल सरावाला वाजवायची नसते, असा त्यांच्या घरचा नेम. कुणी घरातून निघालेलं असेल तरच वाजवायची, नाहीतर वाजवणाऱ्याच्या घरातलं माणूस जातं. म्हणून शहेबाज ती लहानपणी शिकलाच नव्हता.

टायपिंग संपलं तेव्हा ऑपरेशनला चार दिवस होते. शहेबाजला कॅसिओच्या स्टँडवर मोबाईल ठेवून वाजवायची सवय, म्हणून त्याला पीडीएफ हवी होती. मी पीडीएफ काढली. स्क्रीनवर सगळं ठीक, पण पीडीएफमध्ये जिथं रेघ तिथं चौकोन, जिथं टिंब तिथं चौकोन. सगळ्या पानांवर मुंग्या लागल्यासारखे चौकोन. मी फॉन्ट काढून परत टाकला, कॉम्प्युटर बंद-चालू केला, पीडीएफ करायचं दुसरं सॉफ्टवेअर उतरवलं. चौकोन जाईनात. दोन दिवस असे गेले.

आज मला माहीत आहे की फॉन्ट पीडीएफच्या पोटात बसवावा लागतो, आणि तो बसायला तयार नसेल तर सगळ्या मजकुराचं चित्र करून टाकायचं. दोन मिनिटांचं काम आहे. तेव्हा मी बीडच्या एका प्रेसमधल्या ज्ञानोबाला फोन केला. तो म्हणाला, "जुन्या फॉन्टाची कटकट कावून ठेवतो? सगळी फाईल कन्व्हर्टरमधून काढून युनिकोड कर, सुटशील." कन्व्हर्टर म्हणजे जुन्या फॉन्टातली अक्षरं नव्या पद्धतीत बदलणारं सॉफ्टवेअर. मी फाईल त्यातून काढली, पीडीएफ केली, आणि एकही चौकोन नाही. पान धुतल्यासारखं स्वच्छ. मला इतका आनंद झाला की मी फाईल त्याच नावानं सेव्ह केली, जुनीच्या डोक्यावर.

तेवढ्यात मास्तरांचा फोन. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. ऐकू येत होतं की बोलायला त्रास होतोय.

"झालं का?"

"झालं मास्तर. सगळे चौकोन गेले."

"पक्कं ना? मग वह्या ठंड्या करून टाकतो."

ज्या कागदावर अल्लाचं नाव आहे तो त्यांच्यात रद्दीत टाकत नाहीत. जीर्ण झाला की वाहत्या पाण्यात सोडतात नाहीतर पुरतात, त्याला ठंडं करणं म्हणतात. मास्तरांनी एकदा स्टँडवर भेळेच्या पुडीला असा कागद बघितला होता आणि भेळवाल्याशी भांडण केलं होतं. म्हणून वह्यांची झेरॉक्सही त्यांनी मला काढू दिली नव्हती. आपण दवाखान्यातून परत आलो नाही तर वह्यांचं काय होईल, हीच त्यांना धास्ती होती. म्हणून ते मला विचारत होते. आणि मी पान उघडून एक नजर टाकली असती तरी पुरलं असतं.

"करा," मी म्हणालो.

त्याच दुपारी शहेबाजच्या मोटारसायकलवर बसून ते मांजरा नदीच्या एका डोहावर गेले आणि वह्या दगड बांधून पाण्यात सोडल्या.

पाचव्या दिवशी शहेबाजचा दवाखान्यातून फोन आला. ऑपरेशन झालं होतं. अर्ध्याहून जास्त जीभ आणि जबड्याचा तुकडा काढला होता. जिन्यात बसून त्यानं पहिल्यांदाच पीडीएफ नीट बघितली होती.

"काका, रेघा कुठं हायत?"

मी फाईल उघडली. सा रे ग म, सा रे ग म, खाली वर काहीच नाही. कन्व्हर्टरला त्या खुणा ओळखीच्या नव्हत्या, त्यानं त्या केर म्हणून काढून टाकल्या होत्या. चौकोन म्हणजे आजार नव्हता. चौकोनांतच चाल होती आणि मी ती पुसून हात झटकले होते. छापलेली चौदा पानं तेवढी वाचली. सतरा चालींचे सगळे स्वर सपाट झाले होते.

मास्तर घरी आल्यावर मी स्वतः जाऊन सांगितलं. खोटं सांगावं असं वाटेत तीनदा मनात आलं. गळ्यात नळी, अर्धा चेहरा पट्टीत. त्यांनी ऐकून घेतलं आणि भिंतीकडं तोंड केलं. त्यांच्या बायकोनं, हजराबींनी, मला चहा दिला.

दोन दिवसांनी शहेबाज दुकानात आला. "अब्बा बोलावतायत. लाल पेन घेऊन चला."

मग तसं सुरू झालं. शहेबाज खाटेशेजारी कॅसिओवर सपाट चाल वाजवी. चुकीचा स्वर आला की मास्तर बोट वर करत. मग शहेबाज तो उतरवून वाजवी आणि त्यांनी मान हलवली की मी कागदावर रेघ मारी. औषधाच्या गुंगीत कधी बोट वर होई, परत खाली येई, आणि आम्ही दोघं थांबून राहत असू. एका चालीला आठवडा, कधी दहा दिवस. मी मध्येच म्हणालो, मास्तर, पाठवणीची आधी करू या का? त्यांनी खाटेवर पंजा आपटला. नेम म्हणजे नेम.

श्रावणात ते गेले. बारा चाली झाल्या होत्या. पाच राहिल्या, त्यांत शेवटची पाठवणीची.

त्यानंतर दुकानात बसून मी एक वेडेपणा केला. त्या पाच चालींची प्रत्येक रेघ माझ्या बोटांनी टाइप केली होती. म्हणून डोळे मिटून मी कीबोर्डवर हात ठेवला, बोटांना काही आठवतंय का बघायला. मास्तरांचं थुंकणं आठवलं, मग्याचा निळा रंग आठवला. चाल आठवली नाही. तीन तास रोज मी त्या माणसाशेजारी बसत होतो आणि ऐकत नव्हतो, टाइप करत होतो. ह्याबद्दल मला कुणी शिक्षा केली असती तर बरं झालं असतं.

मास्तरांचा चाळिसावा दिवस झाल्यावर शहेबाजनं मला घरी बोलावलं. "काका, आता वाजवायला हरकत न्हाई. घरातलं मानूस गेलंय."

त्यानं एकतिसावं पान लावलं आणि वाजवलं. शाळेत परिपाठाला वाजवतात तसं काहीतरी ठणठणीत वाजलं. आतून हजराबी आल्या, हात पिठाचे.

"हे त्यांचं न्हाई," त्या म्हणाल्या. "आमच्या पोरीच्या, आफ्रीनच्या निकाहात त्यांनी वाजवली व्हती, पोरगी गाडीत बसंस्तोवर. मी पुरी ऐकली हाय."

शहेबाजनं गंधार उतरवला. हजराबींनी मान हलवली, न्हाई. निषाद उतरवला, न्हाई. दोन्ही उतरवले, मग धैवत, मग रिषभ. त्या दाराला टेकून उभ्या होत्या आणि न्हाई न्हाई म्हणत होत्या. कुठं चुकतंय हे त्यांना सांगता येत नव्हतं. पाऊण तास झाला. शहेबाजचे हात थरथरायला लागले, तरी तो थांबेना. मी मान खाली घालून लाल पेनचं टोपण काढत होतो, बसवत होतो.

"हां," हजराबी म्हणाल्या. "हेच. हेच हाय."

मी वर बघितलं. त्या कॅसिओकडं बघतच नव्हत्या. पोराच्या हातांकडं बघत होत्या, मग माझ्याकडं बघितलं. मग आत निघून गेल्या. शहेबाजनं मान वर केली नाही. "काका, रेघा मारा," एवढंच म्हणाला.

खरंच हेच का, हे मी विचारलं नाही, रेघा मारल्या. बाकीच्या चार पानांना आम्ही हात लावला नाही. दुकानात येऊन मी एकतिसावं पान पुन्हा टाइप केलं, सगळ्या मजकुराचं चित्र केलं आणि पीडीएफ शहेबाजला पाठवली. पाठवण्याआधी पान मोठं करून दोनदा तपासलं. प्रत्येक रेघ जागच्या जागी होती आणि चौकोन एकही आला नव्हता.