मागच्या दारचा चंबू

"तात्या होता म्हणून पोरगी बी.कॉम. झाली. नाहीतर आजकालच्या मुली इंग्लिश-बिंग्लिश घेऊन बसतात, अन् मग ख्रिस्ती नवरा घेऊन येतात."

तात्यांच्या तेराव्याला पंगतीत पापनाशमची आत्या शेजारणीला हे सांगत होती. मी तिच्याच पानात कोशिंबीर वाढत होते. आत्या म्हणजे बाबांची चुलत बहीण. तिने वर बघून माझा हात धरला, "खरं की नाही गे?" मी मान हलवली आणि पुढच्या पानाकडे गेले. बी.कॉम. मी कधीच केलं नव्हतं. तंजावरच्या एका ख्रिस्ती विद्यापीठातून मी इंग्लिश साहित्य घेऊन बी.ए. झाले. तात्या, काकू, बाबा आणि मी, आमच्या घरातल्या चारही माणसांना हे ठाऊक होतं. त्यांतलं एक आता फोटोत होतं...

तात्या माझे मोठे काका. ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. घरात शब्द त्यांचा चाले. बाबा त्यांच्यासमोर खुर्चीवर बसत नसत. माणूस गेल्यावर चांगलंच लिहावं म्हणतात. त्यातलं चांगलं आधीच सांगून टाकते. आम्ही तमिळ मुलखातले जुने मराठी, लिहिणं-वाचणं तमिळमध्येच; आमच्या घरात देवनागरी फक्त त्यांनाच वाचता येई, आणि मला ती त्यांनीच शिकवली, बोटांवर पट्टी मारून. हे लिहिते आहे ते त्याच अक्षरांत. प्रेमाने लिहिते आहे असं मात्र कोणी समजू नये.

विद्यापीठात प्रवेश मिळाल्याचं मी सांगितलं त्या दिवशी त्यांनी पाय टेकवून झोपाळा थांबवला. मग बाबांना म्हणाले, "शिकू दे. पण या घरात त्याचं नाव काढायचं नाही. कोणी विचारलं तर सरकारी कॉलेजात बी.कॉम." बाबा हो म्हणाले. काकू आत पोळ्या लाटत होती, तिला कोणी विचारलं नाही. माझ्या पुस्तकांना त्यांनी स्वतः खाकी कव्हरं घातली आणि वर ठसठशीत अक्षरांत 'कॉमर्स' लिहिलं. शेजारचे मिठाईवाले एकदा जीएसटीचं काही विचारायला आले. मी नुसती उभी राहिले. "बी.कॉम.च्या मुलीला एवढं येत नाही?" ते हसले. "येतं सगळं. लाजते पोर," तात्या म्हणाले. मी लाजाळू आहे हे खरंच. पण माझ्या लाजण्याचा असा कोणी उपयोग करून घेईल असं मला वाटलं नव्हतं.

संध्याकाळी परत आल्यावर मला पुढचं दार बंद असे. घराच्या कडेच्या बोळातून मागच्या अंगणात जायचं. तिथे नळाजवळ काकूने पितळेचा चंबू भरून ठेवलेला असे. हातपाय धुवायचे, अंगावर पाणी घ्यायचं, कपडे बदलायचे, मग आत. मयताहून आल्यावर करतात तसं. झोपाळ्यावरून हाक यायची, "आली का गे पाद्रीण? मागून ये!" मग मी ओल्या केसांनी समोर उभी राहिले की रोजचा प्रश्न.

"आज प्रार्थनेला डोळे मिटलेस का?"

"नाही तात्या."

"खरं सांग. देव बघत असतो."

कुठला, असं मला विचारायचं असे. कधी विचारलं नाही.

विद्यापीठात पहिला तास प्रार्थनेने सुरू होई. सगळे डोळे मिटून मान खाली घालत, आणि मी भिंतीला टेकून उघड्या डोळ्यांनी उभी. सुरुवातीला भीतीने, कारण मला खोटं बोलता येत नाही, निदान तात्यांशी येत नसे. मग सवयीने. डोळे मिटल्यावर माणसांचे चेहरे कसे होतात ते मी तीन वर्षं पाहिलं. वर्गात सगळ्यांत मोठ्याने हसणारा मुलगा प्रार्थनेत रडवेला दिसे. नाटक शिकवणाऱ्या मॅडम ओठ हलवायच्या, पण शब्द 'आमेन'च्या आधीच संपवून घड्याळ बघायच्या. एकदा त्यांनी मला बघताना पकडलं. "डोळे उघडे ठेवून प्रार्थना करणारी तूच पहिली," त्या तमिळमध्ये म्हणाल्या, "काय राखण करतेस आमची?" वर्ग हसला. त्या दिवसापासून माझं नाव सीसीटीव्ही पडलं. घरी पाद्रीण, तिथे सीसीटीव्ही... डबा मी एकटीच खात असे.

लोक म्हणतात, तात्यांच्या कडकपणामुळेच तुला माणसं वाचायची सवय लागली, उपकार मान. मी मानत नाही. दार बंद केल्यामुळे कोणी खिडकीतून बघायला शिकलं, तर त्यात दार बंद करणाऱ्याचं काय कौतुक?

घरात इंग्लिश मोठ्याने वाचायची बंदी होती. नाटकाच्या तासाला मात्र प्रत्येकाला एकेक पात्र वाचावं लागे. मी मागच्या अंगणात नळ सोडायचे आणि पाण्याच्या आवाजात माझी वाक्यं म्हणायचे. राण्या, दासी, वेडे राजे, सगळे नळाखालच्या धुण्याच्या दगडावर येऊन गेले. "पाणी किती सांडतेस गे!" तात्या आतून ओरडत. मी नळ बारीक करायचे आणि आवाजही.

पदवीदान समारंभाला ते आले. का आले ते मला आजही कळलेलं नाही. कमरेला पांढरी वेष्टी, खांद्यावर अंगवस्त्र, अगदी शेवटच्या रांगेत. प्रार्थना सुरू झाली, भरलेल्या सभागृहाने माना खाली घातल्या. मी काळा झगा घालून पुढे उभी होते. मागे वळून पाहिलं. तेवढ्या गर्दीत आणखी दोनच डोळे उघडे होते. तात्यांचे. ते माझेच डोळे तपासत होते. आमची नजरानजर झाली आणि त्यांनी मान हलवली. शाबासकीची नव्हे, हजेरी लागल्याची. रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाले, "झगा काढ. गल्लीत लोक बघतील."

त्यानंतर महिन्याभरात ते गेले. दुपारी झोपाळ्यावर पडले होते, काकू कॉफी घेऊन गेली तर उठले नाहीत. मी रडले नाही. काकूने ते पाहिलं.

एम.ए.ला मी तिथेच प्रवेश घेतला. बाबांना सांगितलं तेव्हा ते फोटोकडे बघत राहिले. "घे. पण लोकांना एम.कॉम.च सांगू. दादाला दिलेला शब्द आहे." जिवंत तात्या कधीतरी नमले असते. फोटोतले कसे नमणार?

मागच्या आठवड्यात एम.ए.चा पहिला दिवस होता. संध्याकाळी बसमधून उतरले आणि पाय आपोआप बोळात वळले. नळाजवळ चंबू भरलेला होता. सांगणारा गेला तरी काकूचा हात ते काम करत होता, आणि माझे पाय त्यांचं. मी वाकले. आतून पापनाशमच्या आत्याचा आवाज आला, "अन् आता पोरगी पुढे काय करते?" मग बाबांचा, खालच्या पट्टीतला, "एम.कॉम."

मी पाणी अंगावर घेतलं नाही. भरलेला चंबू उचलला, बोळातून परत पुढे आले आणि चपला काढून पुढच्या दारातून आत गेले. झोपाळा रिकामा होता, त्यावर अजून कोणी बसत नाही. मी चंबू झोपाळ्यावर ठेवला. थोडं पाणी सांडलं. बाबा उभे राहिले. स्वयंपाकघराच्या दारात काकू आली, हाताला पीठ.

"अय्यो, हे काय गे?" आत्या म्हणाली.

नळ चालू नव्हता, त्यामुळे माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"मी इंग्लिश शिकले, आत्या. ख्रिस्ती विद्यापीठात. पुढेही तेच शिकते आहे. तात्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."