विहिरीत सोडलेला मासा

तो मासा आपल्या समुद्रातला नव्हताच. तळहाताएवढा, पिवळाधमक, डोळ्यावरून काळा पट्टा. दूरच्या गरम समुद्रात प्रवाळांच्या आडोशानं राहणारा. एमएस्सीच्या कामासाठी मी कोकणातल्या एका बंदरावर रोज सकाळी मासळी नोंदवत असे. तिथं एका कोळणीनं विकण्याजोगा नाही म्हणून तो बाजूला फेकला आणि मी उचलला. सगळी पुस्तकं धुंडाळली, सरांनी भिंगातून दोनदा पाहिला. आपल्या किनाऱ्यावर हा मासा आजवर कुणी नोंदवलेलाच नव्हता. सर म्हणाले, वर्णन लिही, पहिली नोंद तुझ्या नावावर जाईल. मात्र मासा जप, नुसत्या फोटोवर कुणी विश्वास ठेवणार नाही.

येरमाळ्याच्या ज्या मुलीनं समुद्र पाहिला तोच मुळी एकविसाव्या वर्षी, तिचं नाव त्या समुद्राच्या नोंदीत लागणार होतं. मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

सुट्टीत वसतिगृह बंद झालं. औषधात बुडवलेल्या त्या माशाची बरणी टॉवेलात गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून मी घरी आणली. आमचं घर माळकरी, अंडंसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. आईनं नाक मुरडलं. बरणी मी कोनाड्यात पुस्तकांमागं ठेवली आणि वर्णन लिहायला बसले. चौथ्या दिवशी आईबरोबर येडेश्वरीच्या देवळात जाऊन आले, तर बरणी घासून अंगणात पालथी घातलेली.

वडील शांतपणे म्हणाले, "पाण्यातला जीव पाण्यात सोडला, बाई. आपल्या हिरीत."

मी विहिरीत बादल्या सोडल्या, दुसऱ्या दिवशी गडी उतरवला. चिखलाशिवाय काही वर आलं नाही. सरांनी फोनवर एवढंच म्हटलं, की आता तो विषय सोड.

वडिलांना मी माफ केलं. माळकरी माणूस, मेलेला मासाही त्यांना बरणीत अडकलेला वाटला असेल, अशी मीच माझी समजूत घातली. पुढं भूमच्या कॉलेजात शिकवायला लागले, तेव्हा त्यांच्या दयाळूपणाची गोष्ट म्हणून स्टाफरूममध्ये हे कितीदा तरी सांगितलं. त्या सांगण्याची आज मला चीड येते.

गेल्या महिन्यात त्याच जातीचा मासा, तोच किनारा, पहिली नोंद म्हणून छापून आला. खाली दुसऱ्याच दोघांची नावं. रविवारी घरी गेले आणि मोबाइल वडिलांपुढं धरला. म्हटलं, तुम्ही विहिरीत सोडलेला तो हाच.

त्यांनी चष्मा लावून फोटो पाहिला.

"सोडावाच लागला," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी तुला बघाया पाव्हणे येणार व्हते. माळकरी माणसं. घरात मासा दिसला असता, तर स्थळ हातचं गेलं असतं."

म्हणजे दयाबिया काही नव्हती. इतकी साधी गोष्ट मला इतकी वर्षं जुळवता आली नव्हती. ते पाहुणे आता आठवले. गडी अजून विहिरीतच होता, आणि मी रडून सुजलेल्या डोळ्यांनी त्यांच्यापुढं पोह्यांचा ट्रे धरून उभी होते. त्यांनी पोहे खाल्ले, मला दोन प्रश्न विचारले आणि आठवड्यानं निरोप पाठवला, की मुलगी लई शिकलेली आहे, आम्हाला झेपायची नाही.